उघडायची पेटी (प्रस्तावना)

श्रीरंगपट्टणजवळ कावेरीचा एक प्रवाह थोडे अंतर पश्चिमेकडे वाहतो. त्या जागेला पश्चिमवाहिनी म्हणतात. म्हैसूरची माणसे अस्थी घेऊन पिढ्यानपिढ्या तिथे जात आली आहेत. 12 फेब्रुवारी 1948 रोजी महात्मा गांधींच्या अस्थींचा एक भाग इथल्याच पाण्यात सोडला गेला. आपल्या रीतीत अस्थी घरात ठेवायच्या नसतात. त्या नदीच्या स्वाधीन केल्या की तेवढे काम संपते.

घरी परतल्यावर मात्र चष्मा समोर येतो. मनगटी घड्याळ, जपमाळ, पेन, बँकेचे जुने पासबुक, पाकिटातला लग्नातला फोटो, लिहायला घेऊन अर्धेच राहिलेले पत्र. कपडे वाटले जातात, भांडी घरात मिसळून जातात, दागिने लेकीसुनांकडे जातात. उरलेल्या या बारीकसारीक वस्तूंचे काय करायचे, हे कोणत्याही विधीत सांगितलेले नाही. मग त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवल्या जातात. पिशवी चिकट होते, डबा गंजतो, आणि पुढे कधीतरी घर बदलताना ते सगळेच नकळत टाकून दिले जाते. हे पुस्तक त्या वस्तूंसाठी करायच्या पेटीविषयी आहे. पेटी शिसवाची, म्हैसूरच्या पद्धतीने जडावाचे काम केलेली, आणि हाताने पॉलिश केलेली.

अशी पेटी आपल्याकडे परकी आहे असे मला वाटत नाही. आजीची फणेरपेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. आत बसवलेला आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी, आणि खालच्या कप्प्यात कुणाला न दाखवलेले दोन-चार कागद. आजी गेल्यावर ती पेटी कुणी टाकत नाही. तिच्यात बटणे येतात, नातवंडांचे पडलेले दात येतात, तार आलेली असेल तर ती तार येते. फणेरपेटी स्मृतिपेटी म्हणून कुणी घडवली नव्हती, वापरता वापरता ती तशी झाली. ती इतकी वर्षे टिकली याचे कारण तिच्या बांधणीत आहे. ती रोज उघडता यावी म्हणून केलेली असे. बिजागरी पितळेची, झाकण हलके, कोपऱ्यांना पट्ट्या, आणि मोडले तर गावातला सुतार दुरुस्त करील असे सगळे.

याच्या अगदी उलट जातीची पेटीही महाराष्ट्राच्या भूमीत सापडली आहे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आत एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे समजले जाणारे तुकडे ठेवलेले होते. एकात एक पाच करंडक, आणि सगळे पुन्हा कधी उघडायचे नाहीत या निश्चयाने मातीखाली गेलेले. श्रद्धेची ती परमावधी आहे, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे असलेला हा ठेवा ज्याला पाहायला मिळेल त्याने अवश्य पाहावा. घरातल्या पेटीचा धर्म मात्र वेगळा. वर्षश्राद्धाच्या दिवशी, कुणी लांबून आले म्हणून, नातवाने विचारले म्हणून ती उघडली जायला हवी. या पुस्तकात लाकूड, सांधा, झाकण, सरस, पॉलिश यांविषयी जे काही सांगितले आहे ते या एका गोष्टीवरून ठरवलेले आहे: पेटी उघडली जाणार, हाताळली जाणार, तिला ओरखडे पडणार आणि ती दुरुस्त करावी लागणार.

यासाठी म्हैसूर का, हे सांगितले पाहिजे. पहिले कारण लाकूड. पश्चिम घाटाच्या पानझडी रानातला शिसव, कानडीत बीटे, कोडगू आणि म्हैसूरच्या आसपासच्या जंगलात चांगला वाढतो. त्याचा गाभा जांभळट तपकिरी, मध्ये काळसर रेषा, वजनाला भरीव, वाळवीला दाद न देणारा. परदेशातल्या लाकडाच्या दुकानांत हेच लाकूड 'ईस्ट इंडियन रोझवूड' नावाने दुर्मीळ आणि महाग मालात मोडते. ब्राझीलचा शिसव मिळेनासा झाला तेव्हा अमेरिकेतल्या गिटारींच्या पाठी आणि बाजू आपल्या शिसवाच्या होऊ लागल्या. मार्टिन कंपनीने हा बदल 1969 साली केला. आपल्या आजोबांच्या आरामखुर्चीचे लाकूड तिकडे वाद्यात वाजते आहे, हे मला फार आवडते.

दुसरे कारण हात. 1897 साली राजकन्येच्या लग्नसमारंभात म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळाला. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावरून उभा राहिलेला आजचा अंबाविलास राजवाडा 1912 साली पुरा झाला. त्याचा सांगाडा दगडाचा आणि लोखंडाचा, पण आतले दरवाजे आणि छते कोरीव लाकडाची. खासगी दरबाराच्या दालनातला हस्तिदंत जडवलेला शिसवी दरवाजा हा म्हैसूरच्या जडावकामाचा मानदंड मानावा असा आहे. त्या बांधकामाच्या शेवटच्या वर्षांत, 1909 ते 1912, म्हैसूरचे दिवाण होते तंजावरच्या मराठी घराण्यातले टी. आनंदराव, सर टी. माधवरावांचे चिरंजीव. कारागिरी शिकवणाऱ्या चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या इमारतीची कोनशिला 1906 साली इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते बसली. सयाजीराव रोडवरची ती इमारत पुढे सरकारी कावेरी एम्पोरियमचे घर झाली. दुकानात मांडलेला माल तिथे दिसतो. काम होताना पाहायचे असेल तर मंडी मोहल्ल्याच्या बाजूच्या गल्ल्यांत जावे लागते. तिथे घराच्या पुढच्या खोलीत किंवा अंगणातल्या छपराखाली, जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरून जडाव कापला जातो.

हस्तिदंत आता नाही, आणि नसावाच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1986 साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद केला, 1991 साली आफ्रिकेतून येणाऱ्यालाही बंदी झाली. ज्यांच्या घरात हस्तिदंत जडवलेली जुनी पेटी आहे त्यांनी ती विकू नये, परदेशी नेऊ नये. कारागिरांवर मात्र त्या बंदीने नव्याने विचार करण्याची वेळ आणली. पांढऱ्यासाठी रबराच्या झाडाचे लाकूड, पिवळ्यासाठी फणस, काळ्यासाठी आबनूस, शिवाय आंबा आणि इतर कितीतरी. रंग न देता निव्वळ लाकडांच्या स्वतःच्या रंगांतून चित्र उभे करायचे, ही म्हैसूरची आजची ओळख या अडचणीतून पक्की झाली. 2005-06 मध्ये 'म्हैसूर रोझवूड इनले'ला भौगोलिक मानांकन मिळाले.

चंदनाविषयी विचारणा नेहमी होते. म्हैसूर म्हटले की चंदन, हे आपल्याकडे समीकरणच आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर आणि सोरब भागातले गुडिगार चंदनी पेट्या कोरण्यात निष्णात. त्यांचे पूर्वज गोव्याकडून आले असे परंपरा सांगते, आणि बी. एल. राइस यांच्या म्हैसूर गॅझेटियरमध्ये त्यांच्या कामाचे वर्णन आहे. मानपत्रे ठेवायच्या पेट्या पूर्वी चंदनाच्या करीत. त्या भव्य असत, आणि एकदा अर्पण केल्या की काचेच्या कपाटात जात. चंदनाचे कोरीव काम बोटांना सोसत नाही, त्याच्या खाचांत धूळ आणि तेल बसते. शिवाय चंदनाचा वास आत ठेवलेल्या कापडाला स्वतःचा करून टाकतो. आईच्या शालीला आईचा वास राहावा असे ज्याला वाटते त्याने चंदनाच्या वाटेला जाऊ नये.

आता लाकडाच्या हालचालीकडे. नवशिक्याची पेटी बहुधा इथेच फसते. लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून झाले तरी हवेतली ओल घेणे आणि सोडणे त्याचे चालूच राहते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या वर, हवा सौम्य. तिथे नीट मुरलेल्या शिसवात ओल साधारण 12 टक्के असते. तीच पेटी टोरंटो किंवा शिकागोच्या घरात गेली, जिथे हिवाळ्यात चार महिने खोल्या तापवलेल्या असतात, की ओल 6 टक्क्यांपर्यंत उतरते. आडव्या चिरीतली, म्हणजे वाढीच्या वलयांना समांतर कापलेली, 30 सेंटिमीटर रुंदीची फळी एवढ्याने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आकसते. उभ्या चिरीतली त्याच्या निम्मी. लांबीच्या दिशेने मात्र ती जवळपास तेवढीच राहते. म्हणून रुंद फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकली तर पहिल्याच हिवाळ्यात तिला मधोमध चीर जाते, आणि जाताना मोठा आवाज होतो. ज्यांच्या घरी असे झाले आहे ते सांगतात की रात्री कुणीतरी दारावर थाप मारल्यासारखे वाटले.

त्यावर इलाज जुनाच आहे. झाकणाची फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवायची, चिकटवायची नाही, आणि तिला दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची. फळी चौकटीत बसवण्यापूर्वीच तिच्या कडांना पॉलिश द्यायचे, नाहीतर ती आकसली की कडेला न रंगलेली फिकट रेघ उघडी पडते. तळही तसाच. परदेशी जाणारी पेटी असेल तर शक्यतो उभ्या चिरीच्या फळ्याच घ्याव्यात, त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी चालतील.

परदेशातल्या मराठी घरांची गरज थोडी निराळीही असते. तिथे दहनानंतर सगळी रक्षा कुटुंबाच्या हाती येते, आणि ती भारतात आणेपर्यंत महिने जातात. प्रौढ माणसाची रक्षा सुमारे तीन लिटर भरते. आतून 20 सेंटिमीटर लांब, 15 रुंद आणि 11 खोल अशी पेटी 3.3 लिटरची होते, आणि तेवढी पुरते. विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीतून धातूचा कलश जात नाही, लाकडाची पेटी जाते. रक्षा नदीत सोडल्यावर तीच पेटी आतून पुसून, नवे अस्तर लावून वस्तूंसाठी वापरावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मी वापरावी या मताचा आहे. म्हणून त्या मापाचा आराखडा पुस्तकात पहिला दिला आहे, आणि त्याचा तळ आतून सुटा करता येईल असा ठेवला आहे.

सांध्यांबद्दल इथे थोडेच सांगतो, कारण त्यावर पूर्ण प्रकरण आहे. शिसव तेलकट असतो. रंधा मारून तास-दोन तास झाले की त्याच्या पृष्ठावर तेलाचा अंश येतो आणि सरस धरत नाही. रंधा मारावा, लगेच थिनरने पुसावे, वाळताच चिकटवावे. कोपऱ्याला पंचेचाळीस अंशांचा नुसता कोन करून चिकटवलेली पेटी दिसायला सुबक, पण पडली की चारही बाजू सुट्या होतात. डव्हटेल किंवा निदान खाच-कुसू हवेतच. फेव्हिकॉल मजबूत, पण एकदा बसला की सांधा सोडवायचा म्हणजे लाकूड तोडायचे. जुना गरम सरस वाफ आणि उष्णता दिली की सैल होतो. दुरुस्तीचा विचार केला तर माझा कल सरसाकडे, आणि कारागिरांचा फेव्हिकॉलकडे. दोन्हींची बाजू त्या प्रकरणात मांडली आहे.

झाकणाचे दोन प्रकार दिले आहेत. एक बिजागरीचे. दुसरे खाचेत सरकणारे, आणि ते मला अधिक पसंत आहे. सावंतवाडीच्या गंजिफांचा संच ज्यांनी हाताळला असेल त्यांना हे झाकण परिचयाचे वाटेल. गोल रंगीत पत्ते अशा सरकत्या झाकणाच्या रंगवलेल्या लाकडी पेटीत ठेवलेले असतात. म्हैसूरलाही गंजिफांची मोठी परंपरा आहे, तिसरे कृष्णराज वडियार यांनी तर स्वतः नवे खेळ रचले. सरकत्या झाकणाला धातूचे काही लागत नाही, गंजायला काही नाही, स्क्रू ढिला होत नाही. हवा बदलली की ते कधी घट्ट, कधी सैल चालते. खाचेला मेणबत्ती घासली की काम भागते.

जडावाचे काम जवळून पाहिले तर ते असे चालते. कागदावर चित्र काढतात, आणि प्रत्येक रंगासाठी त्याचा तुकडा वेगळा करून त्या त्या लाकडाच्या पातळ चकतीवर चिकटवतात. हत्ती असेल तर कान वेगळा, सोंड वेगळी, झूल वेगळी. चकती धनुकलीसारख्या चौकटीतल्या, केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने कापतात. पाते उभे राहते आणि लाकूड त्याच्याभोवती फिरवले जाते. कापलेले तुकडे शिसवाच्या फळीवर मांडून सुईच्या टोकाने त्यांची कड आखतात. त्या रेघेच्या आतला भाग पटाशीने दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढतात. तुकडा त्या खाचेत ठेवून लाकडी मोगरीने हलकेच ठोकला की बसतो. बसला नाही तर खाच वाढवायची नसते, तुकड्याची कड कानशीने किंचित उतरवायची असते. राहिलेल्या फटी शिसवाचाच भुसा सरसात कालवून भरतात. शेवटी डोळा, नखे, पानांच्या शिरा अशा बारीक रेघा टोकदार हत्याराने कोरून त्यात काळे भरतात. हत्तीच्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या काढताना कारागीर श्वास रोखून धरतो, हे त्याच्या खांद्यांवरून कळते.

स्मृतिपेटीवर हत्ती किंवा दसऱ्याची मिरवणूक हवी कशाला, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. एम्पोरियममधल्या तसबिरींचा तो विषय आहे आणि तिथे तो शोभतो. पेटीच्या झाकणावर जडाव थोडा असावा आणि त्या माणसाचा असावा. वडील मास्तर असतील तर एका कोपऱ्यात टाकाचे निब. आई अंगणात तगर लावत असेल तर तगरीचे एक फूल, पाच पाकळ्या, रबराच्या लाकडाच्या. बाकीच्या झाकणावर शिसवाच्या रेषाच दिसू द्याव्यात. म्हैसूरला जगन्मोहन राजवाड्याच्या चित्रशाळेत सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे दिवा हातात धरलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र आहे. महाराष्ट्रातून गेलेला प्रत्येक जण त्याच्यापुढे उभा राहतो. सगळे चित्र अंधारात आहे, आणि प्रकाश फक्त चेहऱ्यावर आणि बोटांच्या फटींत. जडावाची जागा ठरवताना ते चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

एक व्यवहाराची सूचनाही आहे. फणसाचा पिवळा रंग कायम राहत नाही. उजेडाने तो काही वर्षांत तपकिरी होतो. शिसवाचा जांभळेपणाही उतरून तपकिरीकडे जातो. आज पिवळ्यावर जांभळे असे उठून दिसणारे चित्र पुढे तपकिरीवर तपकिरी होते. नुसत्या रंगभेदावर विसंबू नये, फिकट आणि गडद यांतला फरक मोठा ठेवावा. पांढरे आणि काळे तुकडे बहुतेक टिकून राहतात.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग पॉलिशचा आहे, कारण पेटी हातात घेणाऱ्याला पहिल्यांदा भेटते ती तिची त्वचा. माझी शिफारस चपड्याच्या हातपॉलिशची, ज्याला बाजारात फ्रेंच पॉलिश म्हणतात. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे तिचा थर चढवतात, आणि झारखंड-छत्तीसगडच्या रानांतून ती बाजारात येते. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 200 ग्रॅम चपडा रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी स्वच्छ कापडातून गाळून घ्यायचा. पहिल्या थरांसाठी त्यातच आणखी स्पिरिट घालून पातळ करायचा. बाटलीवर तारीख लिहावी. सहा महिन्यांहून जुने द्रावण वाळते पण कडक होत नाही, बोटाचा ठसा घेते. काचेवर एक थेंब टाकून पाहावे. दुसऱ्या दिवशी नखाने खरवडल्यावर भुकटी निघाली तर चांगले, चिकट वाटले तर फेकून द्यावे.

शिसवाच्या रंगाचा काही भाग स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि जडावाच्या पेटीला त्याचाच सर्वांत मोठा धोका. चपड्याचा पहिला बोळा फिरवला की कापडावर जांभळट डाग उठतो, आणि पुढच्याच फेऱ्यात तो डाग शेजारच्या पांढऱ्या तुकड्यावर बसतो. तगरीचे फूल मळकट गुलाबी होऊन जाते, आणि तो रंग पांढऱ्या लाकडाच्या छिद्रांत इतका खोल जातो की नंतर काढता येत नाही. काचकागदाचेही तसेच. शिसवावरून घासत आलेला कागद त्याचा काळसर भुसा पांढऱ्या तुकड्यांत दाबतो. म्हणून शेवटची सफाई काचकागदाऐवजी पोलादी स्क्रेपरने करावी, रेषेच्या दिशेने, आणि भुसा हवेने उडवावा, कापडाने पुसू नये. मग मेण काढलेला फिकट चपडा अगदी पातळ करून, बारीक कुंचल्याने, फक्त पांढऱ्या आणि पिवळ्या तुकड्यांवर लावावा. कुंचला शिसवाला लागू द्यायचा नाही. अर्धा तास थांबून पुन्हा, असे तीनदा. त्यानंतर सगळ्या पृष्ठावर फवाऱ्याने किंवा मऊ कुंचल्याच्या एकाच सरळ फटक्याने दोन थर. शिसवाचा रंग त्या थरांखाली अडकला की मगच बोळा हातात घ्यावा.

बोळा म्हणजे जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला कापूस. तो ओला हवा, ओघळणारा नको. गालाला लावला तर गार लागावा. फिरवताना वर एक थेंब तेल, म्हणजे तो अडकत नाही. गोल गोल, मग आठाच्या आकड्यात, मग सरळ. पृष्ठावर तो थांबला की त्या जागी आधीचे पॉलिश उचलले जाते, म्हणून आत येताना आणि बाहेर जाताना हात चालता ठेवायचा. एका बैठकीत जास्त करू नये. आज थोडे, उद्या थोडे, मध्ये पूर्ण वाळू द्यायचे. शिसवाची छिद्रे मोठी असतात. साध्या फर्निचरवर पॉलिशवाले ती गेरू घातलेल्या लांबीने भरतात. जडावावर रंगीत लांबी मुळीच नको, ती पांढऱ्यातही शिरते. अगदी बारीक दगडी पूड बोळ्यातून देत देत छिद्रे भरावीत, किंवा थोडी उघडीच राहू द्यावीत. उघड्या छिद्रांचा शिसव हाताला लाकूड वाटतो, आणि मला तो काचेसारख्या चकाकीपेक्षा प्रिय आहे. पावसाळी दिवशी हे काम करू नये. स्पिरिट उडताना हवेतली ओल धरते आणि पृष्ठावर पांढरट धुके बसते. कधी ते स्पिरिटच्या कोरड्या बोळ्याने निघते, कधी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पॉलियुरेथेनचा थर याहून टणक, चहाच्या कपाला न जुमानणारा, आणि एका दिवसात होणारा. त्याची मागणी का आहे ते मला समजते. पण त्यावर ओरखडा पडला तर नवा थर जुन्यात मिसळत नाही, वर वेगळा बसतो. सगळा खरवडून काढावा लागतो, आणि खरवडताना जडावाचे कोरलेले बारीक डोळे आणि शिरा निघून जातात. चपड्याचा नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो. पन्नास वर्षांनीही होतो. जवसाच्या तेलाचा मोह टाळावा: शिसवातले नैसर्गिक घटक तेलाला वाळू देत नाहीत, आणि पेटी महिनोन् महिने चिकट राहते. शेवटचा हात मधमाशीच्या मेणाचा असू द्यावा, तोही चपडा पक्का झाल्यावर, पातळ.

आतून मात्र पॉलिश करू नये. बंद जागेत त्याचा वास मुरत राहतो आणि कागदाला लागतो. लाकूडही, विशेषतः ताजे, थोडी आम्ल वाफ सोडत असते आणि जुनी पत्रे तिने पिवळी होऊन ठिसूळ होतात. आतल्या बाजूला उघडे लाकूड, त्यावर खळ काढून धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचे सुटे अस्तर, आणि पत्रांसाठी आम्लविरहित कागदाचे पाकीट, एवढे पुरे. अस्तर चिकटवू नये. ते काढून धुता आले पाहिजे. मखमल दुकानदार आग्रहाने सुचवतात. तिचा रंग घामाने आणि ओलीने सुटतो.

लाकूड विकत घेताना पावती घ्यावी, हे कितीही रुक्ष वाटले तरी सांगणे भाग आहे. शिसव आज संकटात असलेल्या झाडांत गणला जातो. कर्नाटकात स्वतःच्या जमिनीतला शिसवही परवानगीशिवाय तोडता येत नाही. जानेवारी 2017 पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे नियंत्रण आले, आणि 2019 साली जिनिव्हाच्या बैठकीनंतर तयार मालाला दर खेपेस 10 किलोपर्यंत सूट मिळाली. एक पेटी त्यात सहज बसते, पण विमानतळावर दाखवायला कायदेशीर लाकडाची पावती जवळ असावी. जुन्या मोडक्या पलंगाचा, दाराचा किंवा जात्याच्या घडवंचीचा शिसव मिळाला तर त्याहून उत्तम काही नाही. तो मुरलेला असतो, आणि बऱ्याचदा त्याच घरातला असतो.

शिसवाचा भुसा निरुपद्रवी नाही. त्यातल्या द्रव्यांनी अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येतो, आणि एकदा अंगाला त्याची सवय बिघडली की पुढे थोड्याशा भुशानेही त्रास होतो. घरी पेटी करणाऱ्याने नाकाला मास्क बांधावा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. कारागिराकडून करवून घेणाऱ्याने त्याच्या खोलीत खिडकी आणि पंखा आहे का ते पाहावे, आणि किमतीत घासाघीस करण्याऐवजी त्याला चांगला मास्क नेऊन द्यावा. जडावाच्या एका तगरीला पूर्ण दिवस लागतो. एम्पोरियमच्या लेबलावर मानांकनाचे चिन्ह असते, कारागिराचे नाव सहसा नसते. ते आपल्या पेटीवर असलेच पाहिजे असा मी आग्रह धरतो.

त्यासाठी शेवटच्या आराखड्यात तळाच्या बाहेरच्या बाजूला एक लहान उथळ चौकोन सोडला आहे, त्याला पॉलिश नाही. तिथे साध्या शिसपेन्सिलीने लिहावे: कारागिराचे नाव, गाव, साल, लाकूड कुठून आणले, सरस की फेव्हिकॉल, आणि पॉलिश चपड्याचे आहे की दुसरे. नातवंडांनी पेटी दुरुस्तीला नेली की तिथला माणूस हे वाचील, आणि सांधा वाफेने सोडवायचा की नाही, स्पिरिटचा बोळा फिरवायचा की नाही, ते त्याला तिथेच ठरवता येईल.